पद्मिनीचे इंजिन बदलावे काय?

प्रश्न : वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीत घरीच मोठे इंजिन बसवू म्हणतो. आरंभ कोठून करावा?

उत्तर : इंजिनाचा विचार तूर्त तहकूब ठेवून आपण प्रथम तळाचा पत्रा आणि दारांखालच्या पट्ट्या पेचकसाने टोचून पाहाव्यात, कारण या गाडीस स्वतंत्र चासी नसून सारा भार पत्र्याच्या कवचावरच असल्याने तेथील गंजाने गाडीचा कणाच कमकुवत होतो. मूळच्या १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाच्या हिशेबाने दिलेले ड्रम ब्रेक तसेच ठेवून शक्ती वाढविणे हा, स्पष्टच लिहितो, अविचार होय. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये इंजिनबदलास परिवहन कार्यालयाची पूर्वमंजुरी आवश्यक आहे. तेव्हा मूळ इंजिनच उघडून दुरुस्त करावे. आणि केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, घोड्या लावाव्यात.