डिस्क बदलण्याआधी हब पुसा

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं, अशी तक्रार घेऊन गॅरेजात जा. चाक खोलायच्या आधीच उत्तर येतं, "डिस्क बेंड झाल्यात साहेब, बदलाव्या लागतील." माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही डिस्क या एका वाक्यावर बदलल्या गेल्या. नव्या डिस्कवर गाडी लोण्यासारखी थांबायला लागली. काही हजार किलोमीटर झाले आणि तीच थरथर परत आली. पुन्हा त्याच काउंटरवर गेलो, तर नव्या डिस्कही वाकल्यात, तुम्ही घाटात ब्रेक फार दाबता, असं सांगून दुसरं कोटेशन हातात ठेवलं. दोन्ही वेळा मोजमाप कुणी घेतलं नव्हतं. पहिल्या बिलावर पार्टची किंमत होती, मजुरी होती, डिस्क किती आऊट आहे त्याचा आकडा नव्हता.

गाडी छोटी हॅचबॅक, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. आम्ही चिपळूणला राहतो, सासर कराडला, त्यामुळे कुंभार्ली घाट नेहमीचा. गंमत म्हणजे घाटात स्टिअरिंग कधी हललं नाही. हलायचं ते कराडहून पुण्याकडे जाताना, मोकळ्या महामार्गावर. नव्वदच्या वेगात पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले, पाय हलकेच ब्रेकवर ठेवला, की स्टिअरिंग डावी-उजवीकडे झटके द्यायला लागे आणि पन्नास-साठच्या खाली आलं की आपोआप शांत होई. यामागे साधा हिशेब आहे. ताशी ८० किलोमीटरला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला साधारण १२ फेरे घेतं. डिस्कमधला दोष प्रत्येक फेऱ्याला निदान एक धक्का देतो, आणि पुढचं सस्पेन्शन व स्टिअरिंग नेमकं त्याच सुमाराच्या कंपनाला साथ देतं. वेग उतरला की ही साथ सुटते. म्हणून गॅरेजचा पोऱ्या गल्लीतून चाळीसच्या वेगात चक्कर मारून आला आणि "काय जाणवत नाही" म्हणाला, तर तो खोटं बोलत नसतो. पण ती ट्रायल कामाची नसते.

दुसरं कोटेशन मी मेहुण्याला दाखवलं. तो एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आहे, मायक्रॉन सोडून तो काही बोलत नाही. त्याने एकच प्रश्न विचारला, "दाजी, नवीन डिस्क बसवताना त्यांनी हब घासला होता का?" हब कोण घासतो! रविवारी त्याने मॅग्नेटिक स्टँडचं डायल गेज आणि मायक्रोमीटर आणलं आणि अंगणात गाडी जॅकवर चढवून खाली घोडी लावली.

चाक काढल्यावर डिस्क हबवर सैल राहते, म्हणून त्याने नटांखाली जाड वॉशर घालून ती आवळून घेतली. मग गेजचं टोक डिस्कच्या कडेपासून थोडं आत टेकवलं आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. उजव्या बाजूला काटा ०.१४ मिलिमीटर सरकला. बहुतेक गाड्यांना ही मर्यादा ०.०५ ते ०.१० च्या आसपास असते. डिस्क उतरवली, तर मागे हबच्या तोंडावर गंजाची खपली. वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने हब चकाकेपर्यंत घासला, डिस्कची आतली बाजू पुसली, पुन्हा आवळली. काटा ०.०६. मग डिस्क एक भोक पुढे सरकवून बसवली, तर ०.०४. डिस्क तीच. जिला वाकडी म्हणून भंगारात काढायचं होतं, ती सरळ होती. तिची बैठक वाकडी होती.

हबवरची खपली मध्याजवळ असते आणि डिस्कची कडा त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर, म्हणून तिथला दोष इथे वाढून दिसतो. पण मग नव्या डिस्कवर सुरुवातीला गाडी नीट का चालली? हे मला सगळ्यात उशिरा उमगलं आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म इथेच आहे. डिस्क नुसती डगमगत फिरली, तर कॅलिपर तिच्याबरोबर थोडा सरकून घेतो, पायाला फारसं कळत नाही. पण ब्रेक न दाबता गाडी पळत असते तेव्हाही डिस्कचा बाहेर आलेला भाग दर फेऱ्याला पॅडला ओझरता घासून जातो. हजारो किलोमीटर हे चाललं की तेवढीच जागा झिजून पातळ होते. आता ब्रेक दाबला की पॅडखालून जाड-पातळ बीड सरकतं, दाब कमी-जास्त होतो, आणि तो झटका स्टिअरिंगपर्यंत पोचतो. मायक्रोमीटरने डिस्कभोवती आठ ठिकाणी जाडी मोजली, तेव्हा एका अंगाला ०.०३ मिलिमीटरचा फरक निघाला. ०.०२ च्या आसपासचा फरकही हाताला जाणवू शकतो. साध्या रस्त्यावरच्या वापरात बिडाची डिस्क कायमची वाकणं दुर्मीळ. लोक ज्याला वाकणं म्हणतात ते बहुतेक वेळा हे असतं, किंवा तापलेल्या पॅडचा डिस्कवर एका जागी चिकटलेला थर.

जाडीतला फरक हब घासून जात नाही. डिस्क लेथवर हलकी फेस करून घ्यावी लागली. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. फेस करून ती त्या आकड्याच्या बऱ्यापैकी वर राहणार असेल तरच लेथवर द्यायची, नाहीतर बदलायची, आणि ती दोन्ही बाजूंची एकदम. माझ्या डिस्कमध्ये पुरेसा माल शिल्लक होता. लेथ आणि नव्या पॅडचा खर्च मिळून त्या कोटेशनच्या जवळपासही गेला नाही.

कोकणात हा त्रास जास्त होणं साहजिक आहे. चार महिने पाऊस, खारी हवा, आणि गाडी आठवडाभर दारात उभी. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळुणातल्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. आमच्याही चाकांपर्यंत पाणी आलं होतं. अशा भागातली सेकंडहँड गाडी घेताना लोक इंजिन आणि सीटखालचा चिखल बघतात. चाक काढून हब आणि कॅलिपरच्या गाईड पिनाही बघाव्यात. पिना गंजून अडकल्या की पॅड सुटत नाहीत. थोडं चालवून थांबलं की एक रिम दुसरीपेक्षा जास्त तापलेली असते, करपल्याचा वास येतो किंवा ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

मात्र सगळी थरथर ब्रेकची नसते. ब्रेक न दाबता ऐंशी-शंभरला स्टिअरिंग हलत असेल तर आधी टायर आणि बॅलन्सिंग बघा. पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूला वाळलेल्या चिखलाचा गोळाही तेवढ्याला पुरतो, तो धुतला की खर्च शून्य. फक्त ब्रेकला आणि तेही स्टिअरिंगमध्ये जाणवत असेल तर दोष बहुधा पुढे असतो. सीट आणि फरशी हलत असेल तर मागे बघा. मागे ड्रम आणि हाताने ओढायचा हँडब्रेक असेल तर मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगात, लिव्हरचं बटण दाबून धरून, अगदी हळू ओढून पाहता येतं. तेव्हा धक्के बसले तर मागचे ड्रम गोल राहिलेले नाहीत. ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थडथडतं ते एबीएसचं काम आहे, तो बिघाड नव्हे. आणि लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड ढिले असतील तर डिस्कमधला बारीकसा दोषही मोठा होऊन हातात येतो. ते तपासल्याशिवाय डिस्कवर खर्च करणं मला तरी पटत नाही.

चाकाचे नट हे आणखी एक दुखणं. पंक्चरवाला गनने एकेक नट गोलाकार क्रमाने ठोकून देतो; एक जास्त, एक कमी. अशा ओढीने डिस्क हबवर तिरकी बसू शकते. नट समोरासमोरच्या क्रमाने, आधी हलके आणि मग टॉर्क रेंचने आवळायचे. छोट्या गाड्यांना हा आकडा साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो, नेमका पुस्तिकेत दिलेला. टायर बदलून आल्यापासून थरथर सुरू झाली असेल, तर सगळ्यात आधी हे करा.

घाटाबद्दल काउंटरवरचा माणूस म्हणाला त्यात थोडं तथ्य होतं. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून उतरू नये, दुसऱ्या गिअरवर इंजिनलाच गाडी धरू द्यावी. पोफळीला खाली पोचल्यावर चहासाठी लगेच थांबून पेडल दाबून धरू नका; सपाटीवर एक-दोन किलोमीटर सावकाश चालवून डिस्क गार होऊ द्या. तापलेल्या चाकांवर वॉशिंगवाल्याला पाणी मारू देऊ नका. नवीन डिस्क-पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये गार व्हायला वेळ देत, आठ-दहा वेळा मारले की पॅड डिस्कवर सारखा बसतो.

बाकी गॅरेज कुठलंही असो, डिस्क बदलायला होकार देण्याआधी तीन आकडे कागदावर लिहून मागा: डिस्क किती डगमगते, जाडीत किती फरक आहे, आणि किमान जाडीपेक्षा किती माल शिल्लक आहे. हब घासताना समोर उभे राहा. "डायल गेज नाही आमच्याकडे" असं उत्तर आलं, तर गाडी दुसरीकडे न्या.