आधी नाक बघा

लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची डबल रूम. २००३ साली टीव्हीवर एका मोबाइल कंपनीची जाहिरात लागायची. शाळकरी मुलगा जाईल तिथे त्याच्या मागोमाग एक पग. बघता बघता मुंबईत पगचं वेड पसरलं. माझ्या सात वर्षांच्या मुलीनंही हट्ट धरला. कुत्रा लहान आहे, जागा कमी लागेल, चाळीला हाच बरा, अशी मी स्वतःची समजूत घातली. चौकशी केली ती फक्त किमतीची आणि रंगाची.

बटू घरी आला. स्वभावानं अगदी सोनं. दिवसभर माझ्या आईच्या पायाशी झोपायचा आणि घोरायचा इतका, की गॅलरीत ऐकू जाई. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या घोरण्याचं कौतुक वाटायचं, आम्हालाही. ती अडलेल्या श्वासाची खूण होती, हे दुसऱ्या मे महिन्यात कळलं.

रविवारची दुपार होती. मुलं गॅलरीत चेंडू खेळत होती आणि बटू त्यांच्यामागे पळत होता. अर्ध्या तासानं तो भिंतीला टेकून बसला, मग आडवा झाला. जीभ जांभळी पडलेली, तोंडातून चिकट लाळ, श्वासाला घरघर. आम्ही त्याला ओल्या टॉवेलात गच्च गुंडाळलं आणि टॅक्सीनं परळला बैलघोडा हॉस्पिटलात नेलं. ताप १०७ अंश फॅरनहाइट निघाला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ च्या आसपास असतं.

तो त्या दिवशी वाचला. नंतर डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं ते मी आजही जसंच्या तसं दुसऱ्यांना सांगतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, नाकातोंडातल्या ओलाव्याची वाफ होते आणि अंग निवतं. पगचं नाक माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आखूड करत नेलं, पण आतला टाळूचा मऊ भाग तेवढाच लांब राहिला आणि श्वासाची वाट अडवू लागला. त्यात नाकपुड्या चिरेएवढ्या. त्यात मुंबईची दमट हवा. ज्या हवेत गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, त्या हवेत कुत्र्याच्या जिभेवरचा ओलावा तरी कसा उडणार? टॉवेल गुंडाळणंही चूक होतं, कारण त्यात उष्णता कोंडते. अंगावर साधं पाणी ओतून पंख्याखाली धरायचं आणि तसंच दवाखान्याकडे निघायचं.

नाकपुड्या रुंद करण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून आम्ही ती पुढे ढकलली. दोन वर्षांनी ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात, जिना चढून आल्यावर, बटू गेला. तेव्हा तो चार वर्षांचाही नव्हता.

म्हणून कुत्रा घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला सांगतो, आधी नाक बघा. पग, फ्रेंच बुलडॉग, शित्झू ही चपट्या नाकाची कुत्री आपल्या हवेत कष्टानं जगतात. मग अंगावरचे केस बघा. हस्की हा सायबेरियात चुकची लोकांनी बर्फावरून गाडी ओढण्यासाठी जोपासलेला प्राणी. दादरच्या फ्लॅटमध्ये चोवीस तास एसी लावला तरी त्याची धावण्याची भूक भागत नाही.

तिसरी गोष्ट जिना. लॅब्रॅडॉर मायाळू खरा, पण पंचवीस-तीस किलोचा होतो आणि त्या जातीत खुब्याचा दोष बराच आढळतो. गिरगावच्या लाकडी जिन्यावरून म्हातारपणी त्याला उचलून कोण उतरवणार, हे पिल्लू असतानाच ठरवा. चौथी गोष्ट शेजार. बीगल सशाच्या मागावर टोळीनं धावताना ओरडण्यासाठी जोपासलेला आहे. तुम्ही कामावर गेलात की तो एकटा ओरडेल आणि भिंतीपलीकडचं तान्हं बाळ उठेल. यात त्याचा दोष नाही. म्हणून पाचवा प्रश्न स्वतःला विचारा. दुपारी घरी कोण असतं?

पिल्लू विकत घेणार असाल तर त्याची आई डोळ्यांनी बघा. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. तो कागद मागा. महापालिकेचा परवाना काढा. रेबीजच्या लशीबरोबर लेप्टोची लसही चुकवू नका. हिंदमाताला पाणी भरलं की त्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं आणि कुत्रा त्यातूनच चालतो.

बटूनंतर तीन वर्षं आम्ही कुत्रा आणला नाही. मग चाळीच्या आवारात जन्मलेली चिंगी मुलीनं वर आणली. लांब नाक, आखूड केस, सडपातळ अंग. या हवेत तिच्या कित्येक पिढ्या वाढल्या होत्या. तेरा वर्षं ती आमच्याकडे राहिली आणि उन्हामुळे तिला कधी दवाखान्यात न्यावं लागलं नाही. गावठी कुत्र्यालाही कष्ट लागतातच. तिला रोज दोन वेळा भरपूर चालवावं लागे, अनोळखी पावलाला ती भुंकत असे, आणि गणपतीच्या दहा दिवसांत ढोल-ताशे सुरू झाले की कोणीतरी तिच्याजवळ आतल्या खोलीत बसून राहायचं. पण हे कष्ट आमच्या आवाक्यातले होते. बटूला लागणारी हवा मात्र लालबागमध्ये नव्हती.

बटूसारखं कुत्रं आधीच तुमच्या घरात असेल, तर त्याला टाकू नका. वजन वाढू देऊ नका, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा लावा, सकाळी सातच्या आत आणि अंधार पडल्यावरच फिरवा. आणि ते घोरत असेल तर कौतुक न करता याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आम्ही दोन वर्षं थांबलो होतो.