गेंड्या भुंग्याचे रूपांतर

वसई तालुक्यातील गिरीज व आसपासच्या वाड्यांत नारळाची नवी झावळी पंख्याप्रमाणे कातरलेली दिसली, तर ते काम गेंड्या भुंग्याचे समजावे. त्याची पैदास मात्र झाडावर होत नसून शेणखताच्या खड्ड्यात होते. पांढरी, जाड अळी तेथे तीन ते चार महिने कुजके खात राहते व मग कोषात जाते. कोषात तिचे सर्व अंग वितळून पाणी होते, हा समज बरोबर नाही. संप्रेरकाचा इशारा मिळताच अळीचे ठराविक स्नायू व आतड्याच्या पेशी आपणहून मरतात. मज्जासंस्थेचा बराच भाग टिकतो, आणि पंखांचे अंकुर वाढीस लागतात. रेशमी पतंगाचे स्नायू अभ्यासून लॉकशिन व विल्यम्स यांनी १९६४ मध्ये यास ‘नियोजित पेशीमृत्यू’ म्हटले.

सुमारे तीन आठवड्यांत भुंगा सिद्ध होतो. तो एकदा उडाला की शेंड्यात तारेचा आकडा घालून एकेक काढावा लागतो, आणि तोवर कोंब पोखरला गेलेला असतो. यास्तव अळीच गाठावी. खड्डा दर दोन महिन्यांनी उपसून अळ्या वेचाव्यात. शेणखतात मेटारायझियम ही हिरवी बुरशी मिसळल्यास अळ्या रोगाने मरतात. कोष पुष्कळदा तळाच्या मातीत दडलेले असतात. तेव्हा तळही खणावा.