प्राणी गेले कुठे?

प्रश्न : दर उन्हाळ्यात ताडोबाला जाणारी आम्ही माणसं. यंदा बदल म्हणून केरळातल्या सायलेंट व्हॅलीला गेलो. मुक्कालीहून वनखात्याच्या जीपने सैरंध्री गाठलं, मनोऱ्यावर चढलो, नदीही पाहिली. पण दिसलं काय? एक मोठी तांबूस खार आणि लांबवर हलणाऱ्या फांद्या! एवढ्या नावाजलेल्या वर्षावनातले प्राणी जातात तरी कुठे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वर जातात. अगदी अक्षरशः.

ताडोबाचं जंगल साग-बांबूचं, पानगळीचं. उन्हाळ्यात पानं झडतात, नजर लांब पोचते आणि पाणी आटलं की सगळ्या जंगलाला मोजक्या पाणवठ्यांवर यावंच लागतं. तिथे तुमची जीप आधीच उभी असते. सायलेंट व्हॅलीत भर मे महिन्यातही ओढे वाहतात. पाणी जिथे-तिथे असल्यावर ठरावीक जागी हजेरी लावायला कोण येईल?

दुसरी गोष्ट गवताची. सदाहरित झाडांचं छत इतकं दाट की, जमिनीवर उन्हाचे जेमतेम कवडसे पोचतात. गवत नाही म्हणून चितळांचे मोठे कळप नाहीत, आणि कळप नाहीत म्हणून वाघ आहेत ते थोडे, विखुरलेले. (डोंगरमाथ्यावरच्या कुरणांची गोष्ट निराळी.) कोवळी पानं, फुलं, फळं सगळं डोक्यावर, सात-आठ मजल्यांच्या उंचीवर. जिथे जेवण, तिथेच पंगत!

ती तुमची ‘मोठी खार’ म्हणजे आपलं शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. नाशिककरांनी तरी त्याला ओळख दाखवायला हवी होती. आणि हलणाऱ्या फांद्या? नीलगिरी वानर असतील. नशीब जोरावर असेल तर सिंहपुच्छ माकडंही असतील. काळंभोर अंग, तोंडाभोवती करड्या केसांची झालर, शेपटीच्या टोकाला गोंडा. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागाबाहेर हे माकड रानात कुठेच सापडत नाही. त्याचं बहुतेक आयुष्य झाडावरच जातं. क्युलेनिया नावाच्या झाडावर त्याचा फार जीव. फणसासारखी काटेरी, पण लहान फळं फांद्यांना चिकटून लागतात. ती फोडून ही माकडं आतल्या बिया खातात. इतर फळं नसतात तेव्हा टोळीला या झाडाचाच आधार असतो. मात्र छत तुटलं, मधे मोकळी जागा पडली, की या माकडाची वाटच बंद होते.

कुंतीपुळा नदीवर जलविद्युत प्रकल्पाचं धरण व्हायचं होतं, तेव्हा भांडण पेटलं ते याच छतावरून. केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, सुगतकुमारींसारख्या कवी उभ्या राहिल्या, पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी आवाज उठवला. अखेर १९८३मध्ये प्रकल्प बारगळला आणि १९८४मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. तुम्ही मनोऱ्यावरून जी नदी पाहिलीत ती मोकळी वाहते आहे, ती त्यामुळे. वाघ न दिसल्याच्या भरात एवढं पाहायचं राहून गेलं असेल तर हळहळ वाटते.

नावाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. सिकाडांची किरकिर नाही म्हणून इंग्रजांनी ‘सायलेंट’ म्हटलं, अशी एक कथा आहे. दुसरे म्हणतात, हा ‘सैरंध्री’चाच अपभ्रंश. सैरंध्री म्हणजे अज्ञातवासातली द्रौपदी, आपल्याला खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’मुळे चांगली ठाऊक असलेली. नदी कुंतीची, वन द्रौपदीचं. मला दुसरी कथा जास्त पटते.

पुन्हा गेलात तर सकाळी लवकरची जीप घ्या, पावसाळ्याच्या आसपास जात असाल तर जळवांसाठी लांब मोजे ठेवा. वाटेवर काटेरी टरफलं पडलेली दिसली की ती ताजी, ओलसर आहेत का ते बघा. असली तर वाटाड्याला थांबायला सांगा, गप्प उभे राहा आणि मान वर करा.