ब्राउझर बदलायचाय? खर्च कुठे येतो ते आधी बघा

ब्राउझर बदलायला पैसे लागत नाहीत. क्रोम, फायरफॉक्स, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, आपल्याकडच्या झोहो कंपनीचा उला, सगळे फुकट मिळतात आणि फुकटच चालतात. वारणा खोऱ्यातल्या वारणानगर-कोडोलीच्या बाजारात कुणी कॉम्प्युटरवर नवा ब्राउझर टाकून देण्याचे पैसे मागितले, तर ती त्याच्या वेळेची मजुरी झाली. ती द्यायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण ‘ब्राउझरच्या लायसन्सचे पैसे’ असं कुणी म्हणालं, तर सरळ उठून या.

खर्च येतो तो दुसऱ्याच ठिकाणी. महाडीबीटीचा अर्ज, मुलीच्या स्कॉलरशिपचं लॉगिन, नेट बँकिंग, या सगळ्यांचे पासवर्ड जुन्या ब्राउझरनं लक्षात ठेवलेले असतात. आपल्याला त्यातला एकही आठवत नाही. नवा ब्राउझर कोरा असतो. मग ‘फरगॉट पासवर्ड’ दाबायचं, ओटीपीची वाट बघायची, आणि ओटीपी जातो केव्हाच बंद पडलेल्या सिमवर. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलायचा तर ७५ रुपये भरायचे, बँकेतला नंबर बदलायला शाखेत अर्ज द्यायचा, आणि यात कामाचा एक दिवस बुडतो. ऊस तोडणीच्या दिवसांत तो दिवस परवडत नाही. हा सगळा खर्च टाळता येतो, फक्त कामाचा क्रम नीट हवा.

आधी बदलायची गरज आहे का, ते बघू. ‘फोनवर सारख्या जाहिराती येतात, ब्राउझर बदलून द्या’ ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. फोन खिशात असताना ‘तुमच्या मोबाइलमध्ये १३ व्हायरस सापडले’ किंवा ‘तुम्हाला बक्षीस लागलं आहे’ असे संदेश वरून टपकत असतील, तर बहुतेक वेळा दोष ब्राउझरचा नसतो. कधीतरी सिनेमा किंवा क्रिकेटचा स्कोअर बघताना एखाद्या साइटनं नोटिफिकेशनची परवानगी मागितलेली असते आणि आपण घाईत ‘अलाउ’ दाबलेलं असतं. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके दाबा, सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइटींची यादी दिसते. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट उघडून बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि पुष्कळांची ब्राउझर बदलायची गरज इथेच संपते.

उलट काहींना बदलण्यावाचून इलाज नाही. विंडोज ७ किंवा ८.१ वर चालणारे कॉम्प्युटर अजून दुकानांत, सोसायट्यांत, घराघरांत आहेत. त्यांच्यासाठी क्रोम २०२३ च्या सुरुवातीला १०९ व्या आवृत्तीवर थांबला. तो अजून उघडतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण त्यात सापडलेली भोकं तेव्हापासून बुजवली गेलेली नाहीत. अशा यंत्रावर बँकेचं काम करू नका. फायरफॉक्सनं आपली ११५ ही आवृत्ती जुन्या विंडोजसाठी पुढेही बराच काळ सांभाळली, तिचा उपयोग साधं वाचायला-बघायला होईल. पैशांचे व्यवहार तेवढे फोनवरून करा. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून ‘आता नवा कॉम्प्युटर घ्या’ असं सांगणारे भेटतील. ब्राउझरपुरतं बोलायचं तर एवढी घाई नको: विंडोज १० च्या शेवटच्या आवृत्तीवर एजला किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट देऊ, असं मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं आहे. एवढ्या एका कारणासाठी हजारो रुपये घालू नका.

साधन बदलताना कोणता हिशेब करायचा, हे वारणेच्या खोऱ्याला नव्यानं शिकवायला नको. १९९८ मध्ये इथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून पैसा घातला, सरकारच्या एनआयसी या संस्थेनं तांत्रिक बाजू उचलली, आणि कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं कॉम्प्युटरच्या केंद्रांनी वारणेच्या साखर कारखान्याशी जोडायचं ठरलं. बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी योजना, सगळं गावात बसून मिळावं असा तो विचार होता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी पाहिलं, तर शेतकरी ती केंद्रं मुख्यतः कारखान्याच्याच कामासाठी वापरत होते: उसाचं वजन किती भरलं, खताची मागणी नोंदवली का. तेवढ्यासाठी कॉम्प्युटर दुरुस्त ठेवणं महाग पडत होतं. मग काही गावांत त्यांनी कॉम्प्युटरऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून बघितला, आणि तीच कामं कमी खर्चात झाली.

ब्राउझरलाही हाच प्रश्न विचारा: मी त्यावर नेमकं काय करतो? एका कागदावर लिहून काढा. सातबारा, आठ-अ, बँक, वीजबिल, मुलांचे निकाल, बातम्या, यूट्यूब. बहुतेक घरांची यादी दहा-बाराच्या पुढे जात नाही. प्रत्येक नावासमोर कोणता मोबाइल नंबर जोडला आहे ते लिहा. जिथे जुना नंबर आहे, तिथे ब्राउझर बदलण्याआधी तो बदलून घ्या. जुन्या ब्राउझरमध्ये अजून लॉगिन चालू आहे तोवर हे बरंचसं घरबसल्या होतं. एकदा लॉगआउट झालात की कागदपत्रं घेऊन फिरावं लागतं.

आता प्रत्यक्ष बदल. कॉम्प्युटरवर फायरफॉक्स किंवा एज उघडलात की सेटिंग्जमध्ये ‘इम्पोर्ट ब्राउझर डेटा’ असा पर्याय असतो. त्यातून क्रोममधले बुकमार्क आपोआप येतात. पासवर्डही आले तर उत्तमच. नाही आले, तर क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये जाऊन ‘एक्सपोर्ट पासवर्ड्स’ दाबायचं. एक सीएसव्ही फाइल तयार होते, ती नव्या ब्राउझरमध्ये घ्यायची. ही फाइल एकदा एक्सेलमध्ये उघडून बघा, म्हणजे तिचं महत्त्व कळेल. एका रांगेत साइटचं नाव, युजरनेम आणि शेजारी पासवर्ड, सगळं उघडं, कुलूप नाही की पडदा नाही. काम झालं की ती फाइल डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही काढा. ती व्हॉट्सअॅपवर स्वतःला पाठवू नका, पेनड्राइव्हवर ठेवू नका, आणि दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर तर ती कधीच तयार करू नका.

फोनवर बुकमार्क आणण्याचा सोपा रस्ता म्हणजे कॉम्प्युटरवर सगळं आणायचं आणि दोन्हीकडे एकाच खात्यानं साइन-इन करायचं. घरात कॉम्प्युटर नसेल तर कागदावरच्या यादीतल्या दहा साइटी हातानं उघडा, अर्ध्या तासाचं काम. क्रोमनं होमस्क्रीनवर टाकलेले साइटींचे शॉर्टकट क्रोममध्येच उघडत राहतील, ते नव्यानं टाकावे लागतात. बँक नव्या ब्राउझरला अनोळखी समजून पुन्हा ओटीपी मागेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डेटा म्हणाल तर शंभर-दीडशे एमबी धरा. रोज दीड जीबीचा रिचार्ज असेल तर त्याचा दहावा हिस्सा.

कोणता घ्यावा? माझं मत स्पष्ट आहे. जाहिरातींनी हैराण झालेल्यानं फोनवर फायरफॉक्स घ्यावा. त्यात ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिराती अडवणारं अॅड-ऑन फोनवरही चालतं. क्रोमनं नियम बदलल्यामुळे कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये ते मूळ रूपात आता चालत नाही, हलकी आवृत्ती तेवढी उरली आहे. जाहिराती अडल्या की डेटाही वाचतो, आणि ‘डाउनलोड’ लिहिलेल्या खोट्या बटणांवर बोट पडायचा धोका कमी होतो. वयस्क माणसांच्या फोनमध्ये एवढ्यासाठीच तो असावा असं मला मनापासून वाटतं. अॅड-ऑन नावाचा प्रकारच नको असेल तर ब्रेव्ह घ्या. तो बसवताक्षणी जाहिराती अडवतो, फक्त त्यातलं क्रिप्टोचं ‘रिवॉर्ड्स’ चालू करू नका. सरकारी कामासाठी मात्र क्रोम किंवा एज हाताशी ठेवा. जाहिरात अडवणाऱ्या ब्राउझरमध्ये कधीकधी पैसे भरायची खिडकीच उघडत नाही. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचे १५ रुपये कापले गेले आणि उतारा आला नाही, तर ते शोधण्यात दुपार जाते. जुनी साइट इंटरनेट एक्सप्लोररच मागत असेल, तर तो जून २०२२ मध्येच बंद झाला आहे. एजमध्ये ‘इंटरनेट एक्सप्लोरर मोड’ आहे, तो वापरा.

आणि जुना ब्राउझर लगेच काढू नका. महिनाभर दोन्ही ठेवा. बातम्या आणि यूट्यूब आधी हलवा, बँक सगळ्यात शेवटी. २९ जून २०२० ला केंद्रानं ५९ अॅपवर बंदी घातली, त्यात यूसी ब्राउझर होता. स्वस्त फोनवर तो खूप चालायचा. बंदी आल्यावर वापरणाऱ्यांना तयारीला वेळ मिळाला नाही. आज तुम्ही स्वतःहून बदलताय, तर तो वेळ घ्या.

काही ठिकाणी पैसे आणि अब्रू दोन्ही जातात. ब्राउझर प्ले स्टोअरवरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, इथे अपडेट करा’ असं एखाद्या पानावर झळकलं तर ते पान बंद करा. खरं अपडेट ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये किंवा प्ले स्टोअरमध्ये मिळतं. व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके (अॅप बसवणारी) फाइल उघडू नका, मग ती पाहुण्यांनी पाठवलेली का असेना. ब्राउझरबरोबर व्हीपीएनची वर्गणी विकली जाते. सातबारा आणि बँकेसाठी तिची गरज नाही.

सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत बसताना तर फारच जपा. तिथल्या क्रोमला स्वतःच्या गुगल खात्यानं साइन-इन केलंत आणि सिंक चालू झालं, तर तुमचे साठवलेले सगळे पासवर्ड त्या यंत्रावर उतरू शकतात. इन्कॉग्निटो (खासगी) खिडकी उघडा, काम करा, ‘सेव्ह पासवर्ड?’ ला नाही म्हणा, डाउनलोड झालेला उतारा डिलीट करा, खिडकी बंद करा. केंद्र चालवणाऱ्यांनीही ग्राहकाला हे आपणहून सांगावं.

हे सगळं फुकट कसं, असा प्रश्न पडलाच असेल. ब्राउझरमध्ये शोधण्यासाठी कोणतं सर्च इंजिन आधीपासून बसवलेलं असेल, यावर मोठा पैसा फिरतो. आयफोनच्या सफारीमध्ये आपलं सर्च राहावं म्हणून गुगलनं अॅपलला २०२२ या एका वर्षात २,००० कोटी डॉलर दिल्याचं अमेरिकेतल्या खटल्यात पुढे आलं. फायरफॉक्स चालवणाऱ्या मोझिलाचं बरंचसं उत्पन्नही गुगलकडूनच येतं. भारतात स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडवरच्या मक्तेदारीच्या गैरवापराबद्दल गुगलला १,३३७ कोटींहून अधिक दंड ठोठावला. आपण काय शोधतो याला किंमत आहे, म्हणून ब्राउझरला नाही. तेव्हा नवा ब्राउझर घेतलात की सेटिंग्जमध्ये जाऊन सर्च इंजिनही स्वतः निवडा. झोहोच्या उलाला केंद्र सरकारच्या भारतीय ब्राउझर स्पर्धेत २०२५ मध्ये एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं. हौस असेल तर तोही वापरून बघा.

पुण्या-मुंबईहून सुट्टीला गावी येणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. आई-वडिलांच्या फोनमध्ये नवा ब्राउझर टाकून लगेच परतू नका. तासभर त्यांच्या शेजारी बसा, प्रत्येक खात्याला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे ना ते तपासा, नको असलेल्या नोटिफिकेशन्स बंद करा, आणि बँक सोडून बाकीचे पासवर्ड एका वहीत लिहून ती वही घरातल्या कपाटात ठेवा.