परतीचा पुरावा

प्रस्तावना

बंगळुरूशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. 1638 मध्ये हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि त्यांच्या मागोमाग अनेक मराठी घराणी येथे स्थिरावली. पुढे रेल्वे, कारखाने आणि संगणक-उद्योग यांच्या निमित्ताने आणखी कुटुंबे आली. आज या घरांतील मुले-मुली अमेरिका, इंग्लंड, जर्मनी अशा दूरच्या देशांत गेली आहेत. त्यांना भेटायला जायचे म्हणजे पासपोर्ट आणि तिकीट एवढ्याने भागत नाही. त्या देशाचा व्हिसा लागतो. व्हिसाचा अर्ज भरताना एक साधा पण अवघड प्रश्न समोर येतो: ‘तुम्ही परत याल, हे कशावरून?’ या प्रश्नाचे खरे आणि नेटके उत्तर कसे द्यावे, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला
• पर्यटक-व्हिसासाठी मायदेशाशी असलेले संबंध का दाखवावे लागतात, ते सांगता येईल;
• आपल्या घरातील कोणते कागद असा संबंध दाखवतात, ते ओळखता येईल;
• अर्जासोबत जोडायचे औपचारिक पत्र लिहिता येईल.

मूळ पाठ

1. हा प्रश्न का विचारला जातो?

पर्यटक म्हणून आलेला माणूस मुदत संपल्यावर परत जावा, अशी प्रत्येक देशाची अपेक्षा असते. अमेरिकेच्या 1952 च्या स्थलांतर कायद्यातील कलम 214 (ब) तर असे मानूनच चालते, की व्हिसा मागणारा माणूस तेथे कायमचा राहण्यासाठीच येत आहे. तसे नाही, हे अर्जदाराने पटवून द्यायचे असते. न्यायालयात आरोप सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर असतो. येथे तो अर्जदारावर आहे. या कलमाखाली नकार मिळाल्यास त्यावर अपील करता येत नाही, भरलेले शुल्कही परत मिळत नाही. मात्र हा नकार कायमचा नसतो. पुन्हा अर्ज करता येतो.

युरोपातील शेंगेन देशांची 2009 ची व्हिसा संहिता हाच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारते. प्रवासाचे कारण, राहण्याची सोय, खर्चाची तजवीज आणि परतण्याचा इरादा या चार गोष्टी तेथे पाहिल्या जातात. नकार दिल्यास त्याचे कारण लेखी कळवावे लागते आणि त्यावर अपील करता येते. इंग्लंडचे नियमही ‘खरा पाहुणा’ कोण, हे ठरवताना तो वेळेवर परत जाईल का, हेच आधी पाहतात.

म्हणजे, देश बदलला तरी प्रश्न तोच राहतो. तो विचारणारा अधिकारी आपल्याला ओळखत नसतो. त्याने आपले घर पाहिलेले नसते, आपली गल्ली पाहिलेली नसते. काही मिनिटांच्या मुलाखतीतून किंवा काही कागदांतून त्याला आपले आयुष्य समजून घ्यायचे असते.

2. एक उदाहरण

पुढील उदाहरण अभ्यासासाठी रचलेले आहे. पण अशी घरे आपल्या आसपास आढळतात.

बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात एक आजी आपल्या मुलाकडे राहतात. त्यांचे यजमान रेल्वेत होते. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. परदेशात असलेल्या लेकीचे दिवस भरत आले, तेव्हा आजींनी व्हिसासाठी अर्ज केला. मुलाखत झाली आणि व्हिसा नाकारला गेला. त्या संध्याकाळी आजी आणि त्यांची कॉलेजात शिकणारी नात यांच्यात असा संवाद झाला:

“आजी, तिथे तुला काय विचारलं गं?”

“विचारलं, भारतात तुमचं काय आहे? मी सांगितलं, माझं काही नाही, सगळं मुलाचं आहे.”

“अगं, असं कसं सांगितलंस?”

“मग खोटं बोलू का? घर तुझ्या बाबाच्या नावावर. मी कधी नोकरी केली नाही. माझ्या नावावर आहे काय?”

नातीने कपाटातील जुनी फाईल काढली. पहिलाच कागद कुटुंब निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा होता.

“हे नाव कुणाचं?”

“माझंच. पण ती पेन्शन तुझ्या आजोबांची.”

“दर महिन्याला तुझ्या खात्यात येते ना? आणि हा कागलजवळच्या जमिनीचा सातबारा. आजोबांच्या पश्चात वारस म्हणून कुणाकुणाची नावं लागली आहेत, वाच बरं.”

आजींनी चष्मा लावून वाचले. तीन नावांत पहिले नाव त्यांचेच होते.

“आणि मोठ्या आजीचं औषधपाणी कोण बघतं? तिला तू जवळ नसलीस तर चैन पडत नाही. हे का नाही सांगितलंस?”

“अगं, जाऊबाईंचं करते, ते काय सांगायचं असतं?”

या संवादाचा नीट विचार करा. आजी खोटे बोलल्या नव्हत्या. पण त्यांनी खरेही पुरते सांगितले नव्हते. ‘माझे काय, सगळे घराचे’ असे म्हणण्याची सवय आपल्याकडील कितीतरी स्त्रियांना असते. घरात त्या बोलण्याचा अर्थ सर्वांना कळतो. परक्या अधिकाऱ्याला मात्र त्यातून एवढेच कळले, की या बाईंना मागे खेचणारे येथे काहीच नाही. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ म्हणतात, तसेच झाले. पुरावे घरातच होते. ते पुरावे आहेत, हेच ठाऊक नव्हते.

काही महिन्यांनी आजींनी पुन्हा अर्ज केला. या वेळी त्या स्वतःविषयी मोजक्या शब्दांत पण पूर्ण बोलल्या. व्हिसा मिळाला. तोवर नातू चार महिन्यांचा झाला होता. ठरल्या दिवशी आजी परत आल्या.

3. संबंधांचे धागे

माणूस घराशी अनेक धाग्यांनी बांधलेला असतो. व्हिसाच्या दृष्टीने त्यांचे चार प्रकार करता येतील.

(अ) उपजीविका: नोकरदाराने रजा मंजूर झाल्याचे पत्र, पगारपत्रके आणि आयकर विवरणाची पावती द्यावी. व्यावसायिकाने दुकानाची वा उद्योगाची नोंदणी दाखवावी. निवृत्त व्यक्तीसाठी निवृत्तिवेतनाचा आदेश महत्त्वाचा.

(आ) मालमत्ता: महाराष्ट्रातील शेतीसाठी सातबारा उतारा, कर्नाटकातील शेतीसाठी पहाणी, शहरातील घरासाठी खरेदीखत किंवा खाता.

(इ) कुटुंब: येथे राहणारे पती वा पत्नी, मुले, वृद्ध आईवडील. विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले यांवरून हा संबंध दिसतो.

(ई) पूर्वीचा प्रवास: आधी परदेशी जाऊन वेळेत परत आल्याचे पासपोर्टवरील शिक्के.

हे सर्व कागद प्रत्येकाकडे असतीलच असे नाही, आणि असावेतच असेही नाही. जे आहे ते नीट मांडावे. सातबारा मराठीत असतो, पहाणी कन्नडमध्ये असते. दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्याला त्या वाचता येत नाहीत. म्हणून अशा कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावे. इंग्लंडच्या अर्जासाठी ते प्रमाणित असावे लागते. अमेरिकेच्या व्हिसासाठी मात्र कागदांपेक्षा मुलाखतीतील उत्तरांना अधिक वजन असते. अधिकारी फाईल उघडून पाहीलच असे नाही. म्हणून आपली हकीकत आपल्या तोंडून, दोन-चार वाक्यांत सांगता आली पाहिजे.

मुलाखत कोठे होणार, हेही आधी पाहून ठेवावे. बंगळुरूकरांना अमेरिकी व्हिसाच्या मुलाखतीसाठी वर्षानुवर्षे चेन्नई किंवा हैदराबादची वाट धरावी लागली. जानेवारी 2025 मध्ये बंगळुरूत अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासाचे उद्घाटन झाले. तथापि त्या वेळी तेथे व्हिसासेवा सुरू झाली नव्हती. नियम आणि ठिकाणे बदलत असतात. म्हणून ऐकीव माहितीवर न विसंबता त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरच खात्री करून घ्यावी.

4. आनंदीबाईंना द्यावा लागलेला पुरावा

परत येण्याची खात्री केवळ परका देशच मागतो असे नाही. 1883 च्या फेब्रुवारीत, बंगालमधील सेरामपूर येथे आनंदीबाई जोशी सभेसमोर उभ्या राहिल्या. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या अमेरिकेला निघाल्या होत्या. वय अठराच्या आतच होते. त्या काळी अमेरिकेत जाण्यासाठी आजच्यासारखा व्हिसा लागत नसे. पण त्यांच्या स्वतःच्या समाजाला शंका होती: ही मुलगी तिकडे जाऊन आपल्याला दुरावेल. आनंदीबाईंनी आपण का जात आहोत, हे एकेका आक्षेपाला उत्तर देत सांगितले आणि हिंदू म्हणूनच जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याची ग्वाही दिली.

7 एप्रिल 1883 रोजी त्या कोलकात्याहून निघाल्या. मार्च 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. ते काम हाती घेण्यापूर्वीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. शब्द मात्र त्यांनी पाळला होता.

5. खोट्या कागदाचा मोह

नकाराच्या भीतीने काही जण अर्जाआधी उसनी रक्कम खात्यात भरतात, तर काही जण नोकरीचा बनावट दाखला मिळवतात. अचानक जमा झालेली मोठी रक्कम संशयच वाढवते. अर्जात फसवणूक केल्यास इंग्लंडमध्ये दहा वर्षांपर्यंत प्रवेशबंदी होऊ शकते. अमेरिकेत महत्त्वाची बाब जाणूनबुजून खोटी सांगणारा माणूस कायमचा अपात्र ठरू शकतो. खरे सांगून मिळालेला नकार पुढच्या अर्जाने पुसता येतो. खोटे सांगून लागलेला डाग सहज जात नाही.

पत्राचा नमुना

आजींनी दुसऱ्या अर्जाला जोडलेले पत्र असे होते (दूतावासाला इंग्रजी भाषांतर दिले गेले):

प्रति,
माननीय व्हिसा अधिकारी यांस,

विषय: पर्यटक-व्हिसाच्या अर्जाबाबत.

महोदय,

मी चौसष्ट वर्षांची असून बंगळुरू येथे मुलाच्या कुटुंबासह राहते. माझ्या मुलीला व नातवाला भेटण्यासाठी मला दहा आठवड्यांकरिता आपल्या देशात यावयाचे आहे. प्रवासाचा खर्च माझी मुलगी करणार आहे.

मला दरमहा कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. कोल्हापूर जिल्ह्यातील शेतजमिनीत माझा हिस्सा आहे. माझ्या वृद्ध जाऊबाई आमच्याकडे राहतात व त्यांची देखभाल मी करते. माझ्या अनुपस्थितीत सूनबाई ती पाहणार आहेत. यापूर्वी माझा अर्ज एकदा नाकारला गेला होता, हे मी अर्जात नमूद केले आहे.

निवृत्तिवेतनाचा आदेश, बँकेचा सहा महिन्यांचा उतारा व सातबारा भाषांतरासह सोबत जोडला आहे. कृपया विचार व्हावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही)

पत्रात विनवणी नाही आणि बढाईही नाही. प्रत्येक वाक्याला कागदाचा किंवा वस्तुस्थितीचा आधार आहे. आधीचा नकारही लपवलेला नाही.

पाठगत प्रश्न

1. कलम 214 (ब) नुसार काय सिद्ध करण्याचा भार कोणावर असतो?
2. ‘माझं काही नाही’ या आजींच्या उत्तराचा अधिकाऱ्याने कोणता अर्थ घेतला?
3. आनंदीबाईंना परत येण्याची ग्वाही कोणापुढे द्यावी लागली?

शब्दार्थ

तजवीज – आधी केलेली व्यवस्था
वारस – मृत व्यक्तीच्या मालमत्तेचा हक्कदार
ग्वाही – खात्री, साक्ष
नमूद करणे – लेखी नोंदवणे

तुम्ही काय शिकलात?

परतण्याचा पुरावा कोणी नव्याने तयार करून देत नाही. तो आपण जगत असलेल्या आयुष्यात असतो. तो ओळखणे, जुळवणे आणि खरेपणाने मांडणे एवढेच आपल्या हाती असते. व्हिसा देणे न देणे अधिकाऱ्याच्या हाती राहते. पण आपले नाव कोणकोणत्या कागदांवर आहे, हे प्रत्येकाने, विशेषतः घर सांभाळणाऱ्या प्रत्येक स्त्रीने, प्रवासाला जायचे नसले तरी माहीत करून घ्यावे.

स्वाध्याय

1. तुमच्या घरातील कोणत्या कागदांवर तुमचे नाव आहे, त्यांची यादी करा.
2. ‘भारतात तुमचे काय आहे?’ या प्रश्नाला स्वतःविषयी चार वाक्यांत उत्तर लिहा.
3. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण तुमच्या अनुभवातील एखाद्या प्रसंगाला लावून दाखवा.
4. तुमच्या आईने किंवा वडिलांनी पर्यटक-व्हिसासाठी अर्ज केला आहे, अशी कल्पना करून त्यांच्या वतीने जोडपत्र लिहा.