दुखणे, वेदना आणि सल : काही शब्दांची ओळख

दवाखान्यात रोगी जे शब्द बोलतो आणि डॉक्टर जे शब्द कागदावर लिहितात, त्यांत बरेच अंतर असते. या अंतराने पुष्कळदा रोग्याचेच नुकसान होते. म्हणून वेदनेसंबंधीचे काही शब्द कुठून आले, त्यांचा मूळ अर्थ काय, याची ओळख सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना व्हावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे. प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर व बँकेतील कारकून आहे. तेव्हा औषधोपचाराचे सांगण्याचा त्याला अधिकार नाही, शब्दांपुरतेच बोलावे हे बरे.

प्रथम ‘वेदना’ हाच शब्द घेऊ. ‘विद्’ म्हणजे जाणणे. विद्या आणि वेदना ही एकाच धातूची लेकरे आहेत. पाली भाषेत वेदना म्हणजे नुसते दुखणे नव्हे, तर कोणताही अनुभव. सुखा, दुक्खा आणि अदुक्खमसुखा अशा तीन वेदना तेथे सांगितल्या आहेत. उन्हातून आल्यावर माठातले पाणी प्यावे, तो गारवाही पालीच्या हिशोबाने वेदनाच. मराठीने मात्र तिघींपैकी एकच ठेवून घेतली. याच शब्दाची प्राकृतात झिजून ‘वेअणा’ झाली आणि तिचीच पुढे ‘वेणा’. आपल्या आयाबाया बाळंतपणाच्या वेणा म्हणतात, तो हाच शब्द. जिज्ञासूंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलेला पाली शब्दकोश अवश्य चाळावा. महाराष्ट्र शासनाने तो १९९८ साली त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात छापला असून त्यात पाली शब्दांचे मराठी अर्थही दिले आहेत.

‘दुःख’ या शब्दाच्या उगमाबद्दल विद्वानांचे एकमत नाही. ‘दुः’ म्हणजे वाईट हे सर्वांना मान्य आहे. वाद आहे तो ‘ख’चा. काहींच्या मते ‘ख’ म्हणजे चाकाचे आस बसते ते भोक. भोक नीट नसले की गाडी हिसके देते. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात ‘ख’चा अर्थ पोकळ असा घेतला आहे. ज्याने बैलगाडीतून प्रवास केला आहे त्याला पहिला अर्थ पटायला वेळ लागत नाही! मराठीची गंमत अशी की मनाचे ते दुःख आणि शरीराचे ते दुखणे, अशी वाटणी तिने करून टाकली.

इंग्रजीतील ‘पेन’ची वंशावळ मात्र निराळी आहे. तो लॅटिन ‘पोएना’पासून आला आणि पोएना म्हणजे शिक्षा, दंड. हप्ता थकला की बँकेत ‘पीनल चार्ज’ लागतो, त्यातला पीनल याच घराण्यातला. म्हणजे दुखणे ही कोणत्या तरी अपराधाची शिक्षा, ही कल्पना त्या शब्दाच्या पोटातच आहे. आपल्याकडेही ‘मागच्या जन्मी काय केलं होतं’ असे रोग्याला ऐकवणारे कमी नाहीत. ‘वेदना’ या शब्दात असा कोणताही आरोप नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जिल्हा रुग्णालयात ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ अशी पाटी आपण पाहतो. शल्य म्हणजे शरीरात रुतलेले बाणाचे टोक. ते काढणारा तो शल्यचिकित्सक. पालीत शल्याचे ‘सल्ल’ झाले, बाण काढणारा वैद्य ‘सल्लकत्त’ झाला आणि मराठीत उरला ‘सल’. काटा सलतो, बोलणेही सलते. संयुत्तनिकायातील सल्ल सुत्तात तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा. त्यावर शोक व आक्रोश करून माणूस मनाचा दुसरा बाण लावून घेतो. पण याचा आधार घेऊन रोग्याला ‘सहन कर’ म्हणणे चूक आहे. पहिला बाण तेथे खराच आहे आणि तो काढायला वैद्यच लागतो.

आता आपल्या रोजच्या शब्दांकडे वळू. कळ, चमक, ठणका, ठसठस, उसण, मुरडा, जळजळ, कणकण, झिणझिण्या. हे सारे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. गळू ठसठसते, पाठीत उसण भरते, पोटात मुरडा येतो. अदलाबदल चालत नाही. कॅनडातील शास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेचे ७८ शब्द निवडून त्यांची प्रश्नावली केली, कारण शब्दावरून दुखण्याची जात कळायला मदत होते. आपल्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, डोळ्याला ‘डोरा’ म्हणतात. बाहेरगावचे डॉक्टर येथे गोंधळले तर नवल नाही. त्यातून ‘दुखते का?’ असे विचारले की म्हातारी सांगते, ‘दुखत नाही, नुसतं ठणकते’. कागदावर मात्र ‘वेदना नाही’ एवढेच जाते.

‘अर्धशिशी’ म्हणजे अर्धे शीर्ष. ‘मायग्रेन’ हाही ग्रीक ‘हेमिक्रेनिया’चाच, म्हणजे अर्ध्या कवटीचा, अपभ्रंश. दोन्हीकडच्या माणसांनी सारखेच निरीक्षण केले होते. ‘अंजायना’चे मूळ आवळणे, गुदमरवणे असे आहे. म्हणून छातीत दुखत नाही, फक्त दाटल्यासारखे वाटते, असे कोणी म्हटले तरी घरी बसू नये.

शेवटचा शब्द आपल्या जिल्ह्याचा, ‘सिकलसेल’. सिकल म्हणजे विळा. धान कापणाऱ्या गोंदियाला हा आकार समजावून सांगायला नको. पूर्व विदर्भात आदिवासी बांधवांमध्ये व आपल्या समाजातही हा आनुवंशिक आजार आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही. मग हाडे, सांधे, छाती, पोट असह्य दुखते. थंडी, ताप, पाणी कमी पिणे, अतिश्रम ही निमित्ते होतात. या झटक्याला डॉक्टर ‘क्रायसिस’ म्हणतात. त्याचा ग्रीक अर्थ निर्णयाची घडी. अंगावर जखम नाही, सूज दिसेलच असे नाही, त्यामुळे रोवणीच्या दिवसांत असा मुलगा घरी झोपून राहिला तर त्याला कामचोर ठरवले जाते. शाळेत तोच बहाणेबाज ठरतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा स्पष्ट लिहिले की दुखते असे सांगणाऱ्याच्या सांगण्याचा मान राखावा.

केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. आई व वडील दोघेही ‘एएस’ वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. तेव्हा लग्नापूर्वी रक्त तपासून घ्यावे. आरोग्य शिबिरात स्वयंसेवक म्हणून बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी ‘दुखते का?’ एवढेच विचारू नये. कसे होते, कुठून निघते, कुठे जाते, थांबून थांबून येते की सारखे असते, हे विचारावे आणि रोग्याने वापरलेला शब्द जसाच्या तसा कागदावर लिहावा.